शेगडी मांडायची कुठे?

निखाऱ्यावर भाजून खाणे ही गोष्ट आपल्याकडे टीव्हीतून आलेली नाही. थंडीत शेतात आगटी पेटवून हुरडा भाजायचा, चुलीतल्या आरात वांगं आणि कांदा खुपसायचा, वाळवलेल्या चान्या निखाऱ्यावर धरून खायच्या, हे मराठवाड्यातल्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याची नोंद त्यात आहे. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. ज्या खाण्याची लाज बाळगायला शिकवले गेले, ते आता दूरदूरचे लोक वाचतात.

नवे आहे ते 'बार्बेक्यू' हे नाव, आणि शेगडी मांडायची जागा. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरं सुट्टीत येताना लोखंडी ग्रिल घेऊन येतात, नाहीतर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतात. जयंतीची धावपळ संपली की, पाहुणे आले की, रविवारी उस्मानाबादी बोकडाचं मटण आणलं की शेगडी पेटते. शेगडी चुलीपाशी नसते, शेतातही नसते. ती असते स्लॅबवर, माळवदावर किंवा पत्र्याच्या घरापुढच्या ओट्यावर.

विकतच्या ग्रिलच्या खोक्यात एक कागद असतो. घरापासून निदान १० फूट लांब, उघड्यावर, सपाट जागी ठेवा, असे त्यावर लिहिलेले असते. सल्ला योग्य आहे. पण ज्याने तो लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे चारी बाजूंनी अंगण असलेले घर होते. आपल्या वस्तीत दोन घरांमधली बोळ ४ फुटांची, त्यातून गटार, वर वायरींचे जाळे, आणि शेजारच्याचा पत्रा आपल्या पत्र्याला टेकलेला. तिथे १० फूट आणायचे कुठून? म्हणून आरोग्याच्या पानावर यावेळी या एका प्रश्नाचा नीट विचार करू. कारण शेगडीचे बहुतेक अपघात ती पेटवण्याआधीच, ती मांडताना ठरलेले असतात.

पायाखाली काय आहे?

आपल्या जिल्ह्यात तीन तऱ्हांची घरे शेजारी शेजारी दिसतात, आणि तिन्हींवर विस्तव वेगळा वागतो.

माळवद सगळ्यात फसवे. वरून माती दिसते, आणि माती काही पेटत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण त्या मातीखाली लाकडी तुळया, सर आणि फळ्या असतात, काही ठिकाणी तुराट्या किंवा पाला अंथरलेला असतो. वर दोन-तीन तास निखारे राहिले की उष्णता मातीतून हळूहळू खाली उतरते. शंभर वर्षे सुकलेले लाकूड ज्वाळा न होता आतल्या आत धुमसू लागते. वरची मंडळी जेवून झोपतात आणि पहाटे छतातून धूर येतो. जुन्या माळवदांची दुसरी भीती वजनाची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप उमरगा-लोहारा भागातल्या लोकांना आठवतो. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड छत कोसळले म्हणजे काय होते, हे त्या भागाला सांगावे लागत नाही. अशा छतावर शेगडी, विटा आणि वर वीस माणसे चढवू नयेत. माळवदावर विस्तव नकोच. या बाबतीत मधला मार्ग मला तरी दिसत नाही.

स्लॅब त्या मानाने बरा. रमाई आवास योजनेतून मिळालेले २६९ चौरस फुटांचे घरकुल असेल, तर उघडी म्हणून तेवढीच एक जागा असते. स्लॅब पेटत नाही. पण थेट त्याच्यावर कोळसा ओतून किंवा तीन दगड मांडून जाळ केला, तर सिमेंटमधली ओल वाफ होऊन बाहेर यायला बघते आणि वरचा थर कपचे उडून फुटतो. असे वारंवार झाले की आतल्या सळईपर्यंत पाणी पोचते आणि पुढच्या पावसाळ्यात स्लॅब गळतो. शहाबादी फरशीचेही तसेच. ओली फरशी तापली की तडकते, कधी चिपा उडतात, आणि त्या डोळ्यात जातात. ओढ्यातले गोल दगडही चुलीला घेऊ नयेत, ते आत पाणी धरून असतात.

म्हणून स्लॅबवर पायांची शेगडीच हवी. तिच्या तळाखाली वीतभर मोकळी हवा राहिली पाहिजे. शेगडीखाली विटांचा एक थर, त्यावर दोन बोटे कोरडी वाळू, आणि हे अंथरूण शेगडीपेक्षा चारी बाजूंनी हातभर मोठे. गळती थांबवायला स्लॅबवर डांबरी पट्टा किंवा रबरासारखा लेप मारला असेल तर त्या भागात शेगडी ठेवू नये, तो वितळतो आणि पेटही घेतो. प्लॅस्टिकची पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, डिशची वायर, सावलीची हिरवी जाळी यांपासून लांब. स्लॅबवरून महावितरणच्या तारा जवळून गेल्या असतील तर त्या बाजूला फिरकूच नये. लोखंडी सळई किंवा लांब चिमटा हातात असताना वर बघायचे भान राहत नाही.

आणि जिना. बहुतेक स्लॅबला एकच जिना असतो, बऱ्याच ठिकाणी तर नुसती लोखंडी शिडी. शेगडी जिन्याच्या तोंडाशी मांडली तर भडका उडाल्यावर माणसे आगीच्या पलीकडे अडकतात आणि कठड्यावरून उड्या टाकतात. माणसे जिन्याच्या बाजूला आणि शेगडी समोरच्या टोकाला, अशी मांडणी ठेवा. कठडाच नसेल तर त्या स्लॅबवर लेकरांना घेऊन हा कार्यक्रम करू नये.

आता पत्र्यापुढचा ओटा. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. पत्रा लोखंडाचा आहे, तो पेटणार नाही, तेव्हा पत्र्याच्या भिंतीला टेकवून शेगडी ठेवली तर वाराही अडेल असे वाटते. पत्रा पेटत नाही हे खरे, पण तो उष्णता अडवतही नाही, सरळ पलीकडे पोचवतो. पलीकडे शेजारच्या घरातली काय वस्तू आहे हे आपल्याला दिसत नाही. तिथे गोधड्यांची चळत असेल, मच्छरदाणी असेल, पत्र्याला खिळ्याने अडकवलेली विजेची वायर असेल, गॅसचे सिलिंडर असेल. आपल्या बाजूला मटण भाजले जात असते आणि त्यांच्या बाजूला वायरीचे प्लॅस्टिक पाघळत असते. वस्तीतली आग एका घराची राहत नाही ती अशीच.

तेव्हा दोन घरांच्या बोळीत, पत्र्याच्या छपराखाली, ताडपत्रीच्या मांडवात किंवा कडब्याच्या गंजीजवळ शेगडी मांडूच नये. घरापुढे १० फूट मोकळी जागा मिळत नसेल तर शेगडी घराजवळ आणण्याऐवजी माणसांनी जागेपाशी जावे. विहारापुढचे पटांगण, वस्तीच्या कडेचा मोकळा माळ, नाहीतर ओळखीच्या माणसाचे शेत. विहारापुढची जागा घ्यायची तर समितीला आधी विचारावे आणि नंतर झाडून द्यावी. चार घरांनी मिळून एकच शेगडी लावली तर चार धोक्यांऐवजी एक राहतो, कोळसाही कमी लागतो, आणि पाण्याची बादली भरून ठेवायला हातही जास्त मिळतात. १४ एप्रिलच्या किंवा बुद्ध पौर्णिमेच्या भोजनदानाच्या मोठ्या भट्ट्यांनाही हाच नियम लावावा. मांडवाच्या कापडाखाली भट्टी नको.

वाऱ्याचे काय करायचे, तर विहारावरच्या झेंड्याकडे बघायचे. तो नुसता हलत असेल तर हरकत नाही. ताठ उभा राहून फडफडत असेल तर त्या संध्याकाळी चुलीवरच रस्सा करावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वावटळ उठते, कोरड्या हवेत ठिणगी लांबवर जिवंत राहते, आणि त्याच दिवसांत पाण्याचा टँकर कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसते.

शेगडी कशाची, जाळण कशाचे

वेल्डिंगवाल्याकडे जाल तर 'एमएस', म्हणजे साधे काळे लोखंड मागा. जस्ताचा मुलामा दिलेला पांढरा पत्रा, जुनी बादली, कुंपणाची चकचकीत जाळी यांवर अन्न भाजू नये. मुलामा खूप तापला की जस्ताचा धूर निघतो. तो छातीत गेला की चार-सहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, आणि घरचे समजतात मटण बाधले. जुन्या फ्रिजमधली जाळीही नको, तिच्यावर कशाचा लेप आहे ते आपल्याला कळत नाही. फवारणीच्या औषधाचे किंवा केमिकलचे पिंप कापून शेगडी करणे तर विषाशी खेळ आहे, ते कितीही घासले तरी. नवी शेगडी पहिल्यांदा अर्धा तास रिकामीच पेटवून तिचे तेल आणि रंग जाळून टाकावा.

जाळण म्हणून बाभळीचा कोळसा उत्तम. तुराट्या आणि पऱ्हाट्या भसकन पेटतात, ठिणग्या उडवतात आणि आर धरत नाहीत, त्या चुलीला ठीक. जुन्या दारांची रंगवलेली फळी, प्लायवूड, टायरचे तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचा धूर अन्नात आणि फुप्फुसात दोन्हीकडे जातो. ज्यांना दमा आहे त्यांना एकाच संध्याकाळी दवाखाना दिसतो.

पेटवायला नारळाची शेंडी किंवा खाण्याच्या तेलात भिजवलेला कागद पुरतो, फक्त पंधरा-वीस मिनिटे धीर हवा. हा धीर नसतो म्हणून गाडीतले पेट्रोल काढले जाते. पेट्रोलचे जे जळते ती त्याची वाफ, आणि वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती शेगडीभोवती पसरते आणि काडी ओढताच पेटवणाऱ्याच्या तोंडावर, हातांवर येते. विझत आलेल्या निखाऱ्यावर रॉकेल, पेट्रोल किंवा सॅनिटायझर ओतणे त्याहून वाईट, कारण ज्वाळा धारेवरून बाटलीपर्यंत चढते. ही गोष्ट पोरांना समोर बसवून सांगा.

गॅसवरची भट्टी किंवा ग्रिल वापरणार असाल तर सिलिंडर उभा, सावलीत आणि कोळशाच्या शेगडीपासून लांब ठेवावा. नळी ज्वाळेखालून जाऊ देऊ नये. सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते, ती वाचा. जोड तपासायचा साबणाच्या फेसाने, काडीने नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर न जाता गटारात आणि खोलगट जागेत साचतो, म्हणून गटाराच्या कडेला सिलिंडर नको. वास आला की रेग्युलेटर बंद करायचा, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि १९०६ वर फोन करायचा.

पेटल्यानंतर

शेगडीपाशी एक माणूस नेमलेला असावा आणि त्याने जागा सोडू नये. त्याने प्यायलेली नसावी. पाचव्या शिलाचा विषय एरवी या पानाचा नाही, पण निखाऱ्यापाशी तो या पानाचा होतो. नायलॉनची साडी, टेरिकॉटचा सैल सदरा, गळ्यातली ओढणी हे सगळे ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. सुती कपडे घाला, पदर खोचा. शेगडीभोवती तीन-चार फुटांवर खडूने गोल आखून लेकरांना तो ओलांडायचा नाही असे सांगितले, तर ती गंमत म्हणून का होईना पाळतात.

जवळ दोन बादल्या पाणी आणि एक घमेले कोरडी माती असावी. चरबी टपकून भडका झाला तर पाणी ओतू नका, त्याने उकळती चरबी उडते. मांस बाजूला घ्या, शेगडीवर झाकण किंवा माती टाका. पाणी हे माणसासाठी आणि शेवटी निखारे विझवण्यासाठी.

खाण्याबद्दल थोडकेच सांगते. कच्चे मटण ज्या ताटात होते त्यात भाजलेले ठेवू नका, कोंबडी हाडापाशी गुलाबी दिसली तर परत जाळीवर टाका, आणि कोळसा झालेला भाग कापून टाका.

घरात न्यायचा नाही

आता सगळ्यात महत्त्वाचे. थंडीच्या दिवसांत जेवणे आटोपल्यावर अर्धवट जळालेली शेगडी उबेसाठी घरात नेली जाते. धूर नसतो, लाल आर छान दिसतो, दार लावून सगळे झोपतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितके घट्ट धरते, त्याच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट ते या वायूला धरते. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. अशाने झोपेत अख्खे कुटुंब दगावते.

एकाच खोलीतल्या सगळ्यांचे एकदम डोके दुखू लागले आणि बाहेर आल्यावर बरे वाटले, तर पित्त समजू नका. दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन करा आणि 'बंद खोलीत कोळसा होता' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. बोटाला लावायच्या साध्या यंत्रावर अशा रुग्णाचा ऑक्सिजन चांगला दिसू शकतो, म्हणून हे सांगणे फार गरजेचे.

बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची रीत अजून अनेक घरांत आहे. आजी प्रेमाने करतात, आणि त्यांच्या काळात घरे कौलांची, कुडाची, फटींची होती. आताची खोली सिमेंटची, खिडकी थंडीसाठी बंद, आणि आत ओली बाळंतीण आणि चार दिवसांचे बाळ. त्या दोघांना ऊब गोधडीने, टोपी-मोज्यांनी द्या, आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून द्या. आजीला हे सांगायला आशाताईंची मदत घ्या, त्यांचे ऐकले जाते.

भाजलेच तर

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर आडवे व्हावे, लोळावे. दुसऱ्याने सुती वाकळ किंवा चादर टाकून जाळ दाबावा. आग विझली की लगेच भाजल्या जागी साधे गार पाणी, २० मिनिटे. घड्याळ लावून २० मिनिटे. बर्फ नको. आपल्याकडे टंचाईत एवढे पाणी कुठले, असे कुणी म्हणेल. नळ सोडायची गरज नाही, तांब्याने सावकाश धार धरा. पाणी फारच थोडे असेल तर स्वच्छ सुती फडके भिजवून ठेवा आणि ते तापले की पुन्हा भिजवा. भाजल्यावर तीन तासांपर्यंत हे थंड करण्याचा उपयोग होतो, तेव्हा उशीर झाला म्हणून सोडू नका. लहान लेकरू असेल तर भाजलेलाच भाग थंड करा, बाकी अंग पांघरून उबदार ठेवा.

हातातली अंगठी, बांगड्या, पायातली जोडवी सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीने कापा. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, शेण यांपैकी काहीही लावू नका. हे सगळे आत उष्णता कोंडते, जखमेत जंतू सोडते, आणि दवाखान्यात ते खरवडून काढताना रुग्ण किंचाळतो. फोड फोडू नका. धुतलेल्या सुती कापडाने सैल झाका.

रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताएवढी जागा, बोटे धरून, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठे भाजले असेल तर दवाखान्यात जायचेच. चेहरा, हात, पाय, सांधा किंवा लघवीची जागा भाजली असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, रुग्ण लेकरू, म्हातारे माणूस, गरोदर बाई किंवा साखरेचा रुग्ण असेल, तर लहान जखमेलाही थांबायचे नाही. जी जागा दुखतच नाही ती बरी आहे असे समजू नका, तिथे खोलवर भाजून नसा गेलेल्या असतात. आवाज बसला, नाकातले केस जळाले, थुंकीत काजळी दिसली तर श्वासनलिका भाजली आहे, तिथे एक मिनिटही घालवू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर धाराशिवचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा. तिथून सोलापूरला पाठवले तर ते अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे, म्हणून खासगी जीप शोधत बसण्यापेक्षा १०८ ची गाडी मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्या रुग्णाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या, आणि रुग्णालयात आरोग्यमित्र कोण ते विचारा.

राहिली राख

पाहुणे गेले, भांडी घासली, आणि शेगडी तशीच कोपऱ्यात. वरून राखाडी झालेला कोळसा आत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत राहू शकतो. तो उकिरड्यावर, गटारात किंवा प्लॅस्टिकच्या घमेल्यात टाकू नये. मातीत पुरणे तर मुळीच नको. वरून माती गार दिसते, आतला आर तसाच राहतो, आणि सकाळी अनवाणी धावणारे लेकरू त्यात पाय घालते. हुरड्याच्या आगटीवर माती लोटून माणसे उठून जातात, तिथे हेच होते.

निखारे काठीने पसरा, बाजूला उभे राहून थोडे थोडे पाणी शिंपडा, ढवळा, पुन्हा शिंपडा. चुर्र आवाज यायचा थांबेपर्यंत. वाफ तोंडावर येते, वाकू नका. मग हाताची पालथी बाजू वरून धरून बघा, ऊब लागली तर अजून पाणी. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून रात्रभर उघड्यावर, भिंतीपासून दूर ठेवा. दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर बाभळीच्या कोळशाची राख झाडांच्या बुडाशी मूठमूठ टाकता येईल. भांडी घासायला घ्यायची तर आधी चाळून घ्या, खडे राहतात.